जेवढं विचारलं तेवढंच

इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेल्या माणसाला आपल्याशी गप्पा मारायच्या नसतात, हे आपल्या लोकांना पटवणं महाकठीण. तो विचारतो, किती दिवस राहणार? उत्तर एका आकड्याचं असतं. पण तलाठ्यापासून गॅस एजन्सीपर्यंत प्रत्येक खिडकीवर आपण आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेलो असतो, की समोरच्याला सगळी परिस्थिती नीट समजावून सांगितली की तो विरघळतो. कधी तो आपल्या तालुक्यातला निघतो, कधी मेव्हण्याच्या बॅचचा निघतो, अगदीच काही नाही तर "बरं, जेवणानंतर या" एवढं तरी म्हणतो. तेव्हा परदेशातल्या खिडकीवरही आपण हातातली पिशवी खाली ठेवतो, चष्मा सारखा करतो आणि सुरू करतो, "ॲक्च्युअली सर, त्याचं काय झालं..."

तिथेच घात होतो. परक्या देशाच्या दारात खोटं बोलून अडकलेली माणसं असतीलच. आमच्या माहितीतली जी अडकली ती सगळी नको तितकं खरं बोलून अडकली.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका-काकू मुलाकडे न्यू जर्सीला निघाले, तेव्हा महिनाभर आधीपासून मुलाने फोनवर तालीम घेतली होती.

"आई, कशाला आलात म्हणून विचारलं तर काय सांगशील?"

"सूनबाईंचं बाळंतपण करायला."

"नाही. मुलाला भेटायला."

"अरे, पण खरं काय ते..."

"आई, भेटायला. पुढे एक शब्द नाही."

काकूंना हे पटत नव्हतं. डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, वेखंड आणि बाळगुटी उगाळायची सहाण एवढं सामान घेऊन माणूस नुसतं भेटायला जातं, यावर कोण विश्वास ठेवणार, हा त्यांचा मुद्दा तसा बिनतोड होता. शिवाय पुण्यकर्म लपवायचं कशाला?

तर ते अशासाठी, की पाहुण्याच्या व्हिसावर अमेरिकेत काम करायला बंदी आहे आणि बाळ सांभाळणं हे तिकडे तासावर पैसे घेऊन करायचं काम आहे. आजीने नातवाला मांडीवर घेतलं म्हणून तिला कुणी पकडत नाही. पण "सहा महिने बाळ सांभाळायला आले आहे" हे वाक्य खिडकीपलीकडच्या कानात शिरतं तेव्हा त्याला आजी दिसत नाही, विनापरवाना नोकरीला आलेली बाई दिसते. २०२५च्या सुरुवातीला एक ब्रिटिश तरुणी पाठीवर सॅक टाकून अमेरिका फिरत होती. वाटेत एका कुटुंबात राहायची आणि राहण्याच्या बदल्यात घरातली चार कामं करायची. तिथून कॅनडात शिरायला गेली. तिथेही ती असंच कुणाकडे उतरणार होती. कॅनडाने विचारपूस केली आणि सांगितलं, बाई, घरकामाच्या बदल्यात बिऱ्हाड म्हणजे कामच की, त्याचा परवाना वेगळा. तिला परत फिरवलं. अमेरिकेने म्हटलं, म्हणजे आमच्याकडेही तू हेच करत होतीस! आणि तिची रवानगी वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या बंदीगृहात झाली. घरी परतायला तिला जवळजवळ तीन आठवडे लागले.

घरकामाच्या बदल्यात राहणं-जेवणं! हा नियम काटेकोर लावायचा तर न्यू जर्सीच्या एडिसन गावातल्या निम्म्या आज्या टॅकोमाला पाठवाव्या लागतील. मुलाच्या घरी पोचल्यावर पहिल्या तासाभरात सुनेचा फ्रिज रिकामा करून आतून पुसून काढणार नाही, अशी सासू अजून आपल्याकडे जन्मायची आहे. आणि मोबदला म्हणाल तर राहणं-जेवणंच. तेही जेवण स्वतःच केलेलं.

असो. काकूंनी तालीम पक्की केली होती. "पर्पज?" "मीट सन." "हाउ लाँग?" "सिक्स मंथ्स." इथवर सुरळीत. मग अधिकाऱ्याने सहज विचारलं, सहा महिने कशाला? काकू अडखळल्या. आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांना, जे गेली चाळीस वर्षं काकूंचं वाक्य पुरं करत आले आहेत, राहवलं नाही.

"शी हॅज कम फॉर डिलिव्हरी, सर."

अधिकाऱ्याने चौसष्ट वर्षांच्या काकूंच्या आधी चेहऱ्याकडे आणि मग कमरेकडे पाहिलं. त्यापुढचे दोन तास ते दोघं मागच्या खोलीत होते. काका अजून म्हणतात, "माणूस सज्जन होता, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या."

या प्रवासाआधी काकांनी सोसायटीत पेढे वाटले होते, कारण व्हिसा दहा वर्षांचा मिळाला होता. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायचा परवाना, अशी समजूत काकांचीच होती असं नाही. अर्ध्या इमारतीची होती. प्रत्यक्षात तो दहा वर्षं दार वाजवायचा परवाना. दार उघडायचं की नाही आणि उघडलं तर किती दिवस आत बसू द्यायचं, हे तो दारातला अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत एक तारीख टाकतो. बहुधा ती सहा महिन्यांची असते. पण तुमचा पासपोर्टच चार महिन्यांनी संपणार असेल तर तारीखही तिथपर्यंतचीच पडू शकते. पूर्वी हा चिठोरा पासपोर्टला टाचलेला असायचा, येताजाता नजरेस पडायचा. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून तो संगणकात गेला, आणि जे डोळ्यांसमोर नाही ते आपल्या लेखी नाहीच. ही तारीख एका दिवसाने जरी ओलांडली तरी तो पेढेवाला व्हिसा रद्द होतो. त्या तारखेनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेश बंद; वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. नातवाचं बारसं करून परतायचं ते "आता मुंजच करून येऊ" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघून ठेवावा, कारण मग लग्नालाच जाता येईल.

युरोपचा हिशेब आणखी सूक्ष्म. शेंगेन म्हणून जो २९ देशांचा वाडा आहे त्यात कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येतं. "कुठल्याही" हा शब्द भल्याभल्यांना बुडवतो. तो सहा महिन्यांचा काळ १ जानेवारीला सुरू होऊन ३० जूनला संपत नाही. तो तुमच्याबरोबर चालतो. आज उभे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, उद्या पुन्हा उद्यापासून मागे. आलात तो दिवस धरायचा, गेलात तो दिवसही धरायचा. आणि ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. जुलै-ऑगस्ट लागून आले की तिथेच दोन दिवस जास्त होतात. काकांनी हे कालनिर्णयवर पेन्सिलने मांडून पाहिलं, आणि दोनदा वेगवेगळं उत्तर आल्यावर म्हणाले, "दोन दिवसांचा फरक आहे. सांगू की समजावून."

बरं, या वाड्यात कोण आणि बाहेर कोण, हेही सरळ नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन कशातच नाही. एका परिचितांच्या मुलाने शेंगेनचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला होता. पॅरिसला आठवडाभर हिंडला, ब्रिटनचा व्हिसाही खिशात होता, म्हणून शनिवार-रविवार रेल्वेने लंडनला जाऊन आला. म्हणजे जाऊन आला असं म्हणता येणार नाही, कारण गेला तो गेलाच. परतीच्या गाडीसाठी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात पोचला तर तिथेच, गाडीत पाय ठेवण्याआधी, फ्रेंच पोलीस बसलेले. फ्रान्सची तपासणी लंडनच्या फलाटाअलीकडेच होते, दोन देशांनी तसा करारच केलेला आहे. पोलिसाने पान उलटलं, प्रवेश एक, तो झालेला. पोराचं सामान पॅरिसच्या हॉटेलात, परतीचं विमान पॅरिसहून, आणि स्वतः इंग्लंडच्या भूमीवर उभा राहून फ्रान्सकडून नाकारला गेलेला. त्याने समजावून सांगितलं की नाही? सांगितलं तर. बॅग हॉटेलात आहे, तिच्यात आईचं औषध आहे, ते आईने मुद्दाम पॅरिसहून आणायला सांगितलं होतं, कारण इकडच्या डॉक्टरांनी... फ्रेंच पोलिसाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.

या झाल्या दिवसांच्या आणि दारांच्या भानगडी. थोडं लक्ष दिलं तर टळतात. खरी पंचाईत होते ती ज्यात आपली काही चूकच नसते तिथे. उदाहरणार्थ, आपला जन्म.

एका पिढीतल्या अर्ध्या ग्रामीण महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. याला ज्योतिषशास्त्रीय कारण नाही. पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आजी सांगायची, पानशेत फुटलं तेव्हा हा रांगत होता. किंवा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोटात होता. मास्तर बोटांवर हिशेब करायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून टाकून मोकळे व्हायचे. ती तारीख दाखल्यावर, तिथून नोकरीत, तिथून पेन्शनीत, तिथून पासपोर्टात. इथवर कुणालाच काही वाटत नाही. पण अशा चाळीस निवृत्त शिक्षकांची सहल एकाच विमानातून एखाद्या शिस्तशीर देशात उतरते आणि खिडकीतला तरुण अधिकारी एकामागून एक पासपोर्ट उघडू लागतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पाहण्यासारखा असतो. पहिला १ जून. दुसरा १ जून. पाचव्या १ जूनला तो मान वर करतो. आठव्याला साहेबांना बोलावतो. मग सहलीचा संयोजक पुढे होऊन महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास सांगू लागतो. अशा एका सहलीत एक गुरुजी खरोखरच १ जूनला जन्मलेले होते, ग्रामपंचायतीचा दाखला होता. बाकीच्यांनी नुसती मान हलवली. यांनी मात्र "माझी खरी आहे" असं आवर्जून सांगितलं. सगळ्यात जास्त चौकशी त्यांचीच झाली.

जन्मापाठोपाठ नाव. आपल्याकडे माणसाच्या नावात तीन मजले असतात, आणि भारतीय पासपोर्टात चौकटी दोन. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाला वेगळी जागा नाही, म्हणून ते पहिल्या नावाच्याच खोलीत भाड्याने राहतं. विमान कंपनी तिकीट काढताना मधली भिंतही पाडते आणि शेवटी मानाने "मिसेस" चिकटवते. मग विमानतळावर घोषणा होते, "पॅसेंजर सुमनवसंतमिसेस", आणि त्या बाई निवांत बसून राहतात, कारण हे आपल्याला बोलावतायत हे त्यांच्या गावीही नसतं. जुन्या पिढीतल्या बायकांचं तर विचारू नका. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशन कार्डावर मीनाक्षी. आडनाव माहेरचं, आडनाव सासरचं. कुसुमने शिकायचं, मीनाक्षीने संसार करायचा आणि दोघींनी मिळून एका पासपोर्टवर प्रवास करायचा. सिंगापूरला एका काकूंना विचारलं, आडनाव बदललंय? होय, लग्नानंतर. आणि हे पहिलं नाव? तेही लग्नानंतर. का? काकू खरं ते बोलल्या, "हजबंड डिडन्ट लाइक." ते ऐकून तिथली अधिकारी बाई रागाने काकांकडे बघत राहिली.

एकच नाव असलेल्यांना सुटका वाटत असेल तर तसंही नाही. पासपोर्टवर नुसतंच एक शब्दाचं नाव असलेल्या पाहुण्यांना प्रवेश नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने २०२२च्या नोव्हेंबरात जाहीर करून टाकलं. अमेरिका अशा माणसाचं ते नाव आडनावाच्या जागी ठेवते आणि पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" लिहिते, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव समोर दिसतंय आणि तरी अज्ञात.

नावावरून हटून बसण्याचा जागतिक विक्रम मात्र आपल्या नावावर नाही, याची मला राहून राहून खंत वाटते. मेहरान करीमी नासेरी नावाचे एक इराणी गृहस्थ १९८८ साली पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर अडकले. निर्वासित असल्याची कागदपत्रं त्यांच्याजवळ नव्हती. ब्रिटनने आत घेतलं नाही आणि फ्रान्सला त्यांना पाठवायला देश सापडेना. मग ते टर्मिनल एकमधल्या एका लाल बाकावर राहू लागले, ते २००६ पर्यंत. त्यांच्यावरून स्पीलबर्गला सुचलेला 'द टर्मिनल' २००४ साली आला. त्या सिनेमापेक्षा मला १९९९ सालची हकीकत जास्त आवडते. वकिलाने वर्षानुवर्षं खटपट करून अखेर कागद मिळवले, फक्त सही करायची बाकी होती. नासेरींनी ते वाचले आणि सही करायला नकार दिला. कागदावर त्यांना इराणी म्हटलं होतं, आणि नाव जुनंच लिहिलं होतं. एव्हाना ते स्वतःला सर आल्फ्रेड म्हणवून घेत होते. अकरा वर्षं बाकड्यावर काढलेला माणूस सुटकेचा कागद मजकुरात चूक आहे म्हणून परत करतो! हा आत्मा सदाशिव पेठेत यायचा, वाट चुकून इराणात गेला. २०२२ साली ते वारले, तेही त्याच विमानतळावर.

निदान खिडकी असली म्हणजे आपण सीमेवर आहोत हे तरी कळतं. २०१८ मध्ये एक फ्रेंच तरुणी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आईकडे आली होती. संध्याकाळी समुद्रकाठाने पळत सुटली, भरती आली म्हणून वाळू सोडून वरच्या पायवाटेला लागली, आणि फोटो काढून वळली तर अमेरिकेच्या गस्ती गाडीसमोर. अंगावर पळायचे कपडे, ओळखपत्र घरी. दोन आठवडे आत. कुठे? टॅकोमाला. त्या गावाचा पाहुणचार एव्हाना आपल्या परिचयाचा झाला आहे.

त्याच सीमेच्या पूर्वेकडच्या भागात एक वाचनालय आहे, हॅस्केल फ्री लायब्ररी. १९०४ साली मुद्दाम सीमारेषेवर बांधलेलं. अर्धं व्हर्मांटमध्ये, अर्धं क्यूबेकमध्ये, फरशीवर काळी रेघ. वरच्या मजल्यावर नाट्यगृह आहे, त्यातला रंगमंच कॅनडात आणि बहुतेक खुर्च्या अमेरिकेत. आपल्याकडचं संगीत नाटक तिथे लावावं अशी माझी फार इच्छा आहे. प्रेक्षकांनी अमेरिकेतून वन्स मोअर द्यायचा आणि नटाने तो कॅनडात स्वीकारायचा. शंभराहून अधिक वर्षं दोन्हीकडची माणसं एकाच पुढच्या दाराने आत जात होती. २०२५ मध्ये अमेरिकेने तेही आवळलं.

आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि नेमकं तेवढंच माहीत असतं. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींतलं एक हवं. आधार चालत नाही. पण ज्यांचं वय ६५च्या वर किंवा १५च्या खाली, त्यांना फोटो असलेला आणि वय कळेल असा दुसरा कागदही चालतो. पॅन, वाहन परवाना, रेशन कार्डसुद्धा, आणि २०१९ पासून आधारही. १५ ते १८मधल्या पोरांना मुख्याध्यापकांचा दाखला. म्हणजे या देशात आयुष्यभर ज्या आधारावर सिम कार्डापासून सिलिंडरपर्यंत सगळं चालतं, ते नेपाळच्या विमानापुढे म्हातारपण येईपर्यंत निराधार.

साताऱ्याचे एक मामा-मामी पशुपतिनाथाला निघाले. मामा ६७. आधार दाखवलं, पुढे गेले. मामींनीही आधार दाखवलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, यावर जन्मसाल बघता तुम्ही ६३च्या, मतदार कार्ड द्या. मतदार कार्ड साताऱ्यात, कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली. आता गंमत अशी की सहलीतल्या बायकांना मामींनी ५८ सांगितलं होतं आणि त्या सगळ्या मागे रांगेत उभ्या होत्या. मामांनी परिस्थिती हातात घेतली. "अहो, ती ६३ची दिसते का? चांगली ६६ची आहे. आधारवाल्यांनी चुकीचं टाकलंय." मामी विमानात बसल्या नाहीतच, पण मामा घरी परतल्यावर त्या त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्याही नाहीत.

काही लोक मात्र हातात सगळे कागद बरोबर असूनही स्वतःहून संकट ओढवून घेतात. पासपोर्टवर छापलेलंच असतं की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. आपण नुसते सांभाळणारे. तरी दसऱ्याला पासपोर्टला हळदकुंकू वाहणारी घरं मला ठाऊक आहेत, आणि त्या कुंकवाचा लाल डाग नेमका फोटोवर उतरतो. कुणी माचू पिचूला हौसेने त्या अवशेषांचा शिक्का पासपोर्टात मारून घेतो; पुढच्या देशातला अधिकारी त्या चित्राकडे बघून विचारतो, हा कुठल्या देशाचा? या सगळ्यांवर कडी केली ती पुण्याच्या एका गृहस्थांनी. बँकॉकच्या फेऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्यांनी पासपोर्टची पानंच फाडून टाकली, असा आरोप ठेवून २०२५ मध्ये त्यांना मुंबई विमानतळावर अटक झाली. पासपोर्टच्या पानांना क्रमांक असतात, हे एवढ्या फेऱ्यांत लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. आणि घरी कळू नये म्हणून केलेली ती गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांनी सकाळी सातच्या आत घरोघर पोचवली.

खसखशीचंही सांगायला हवं. दुबईला लेकीकडे दिवाळीचा फराळ घेऊन जाणाऱ्यांनी अनारसे घरी ठेवावेत. खसखस अफूच्या बोंडातून येते, आणि तिकडे ती अमली पदार्थांत धरतात. सिंगापुरातही बंदी आहे. अनारशाला खसखस लावली नाही तर तो अनारसा होत नाही, हा युक्तिवाद अमली पदार्थविरोधी पथकापुढे टिकत नाही.

आता तर समजावून सांगायला समोर माणूसही उरत नाहीये. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्के मारणं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. त्याऐवजी यंत्र चेहऱ्याचा फोटो घेतं, बोटांचे ठसे घेतं आणि ते ९० दिवस स्वतःच मोजतं. काकांचं पेन्सिलीचं गणित, दोन दिवस इकडेतिकडे, सगळं संपलं. काकूंना मात्र शिक्का नाही याचंच वाईट वाटलं. भिशीत दाखवायला काय नेणार?

मागच्या खेपेला ते दोघं युरोपमार्गे फिरत आले तेव्हा अशाच एका यंत्रापुढे उभे होते. काकांचं पटकन झालं. काकूंनी उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. यंत्र म्हणालं, पुन्हा. काकूंनी बोटं पदराला पुसून ठेवली. पुन्हा. दाबून ठेवली. पुन्हा. ठसे उमटेचनात. चाळीस वर्षं भांडी घासून, पाट्यावर चटण्या वाटून, पुरणाचे डबे खरवडून ते कधीच झिजले होते. रांग वाढली. शेवटी एक अधिकारी ओला कागदी रुमाल घेऊन आला.

"किती वर्षं सांगतोय," काका म्हणाले, "भांड्याला बाई लाव म्हणून."

काकूंनी हात काचेवर तसाच ठेवून मान वळवली. "लावली होती. चौऱ्याऐंशी साली. पाच रुपये वाढवून मागितले म्हणून तुम्हीच काढलीत."

"ते त्या वेळी परिस्थिती अशी होती, की..."

अधिकाऱ्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि पासपोर्ट हातात घेत नेहमीचा प्रश्न विचारला, "आर यू टुगेदर?"

काकूंनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला.